बदल सर्व्हरला कळतो कसा? पायथॉनच्या वेगवेगळ्या सर्व्हरांवरील ऑटो-रीलोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेले एकच ॲप्लिकेशन तुम्ही तीन ठिकाणी चालवता. स्वतःच्या लॅपटॉपवर जँगोसोबत येणारा ‘रनसर्व्हर’ हा डेव्हलपमेंटचा सर्व्हर आहे आणि तिथे फाइल सेव्ह केली की बदल लगेच दिसतो. टीमच्या सामाईक मशीनवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे गुनिकॉर्न हा पायथॉन ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर आहे. तिथे सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय काहीच बदलत नाही. जुन्या मशीनवर अपाचे हा वेब सर्व्हर आणि त्यात पायथॉन चालवणारे मॉड-डब्ल्यूएसजीआय हे जोडसाधन आहे. तिथे एकदा रिफ्रेश केल्यावर नवे पान दिसते आणि पुन्हा केल्यावर जुने. कोड एकच असताना असे का होते, तिन्ही ठिकाणी सारखी वागणूक मिळवता येईल का, आणि सर्व्हर पुन्हा सुरू न करता पायथॉनच्या ‘इम्पोर्टलिब’मधील रीलोड, म्हणजे मॉड्यूल पुन्हा वाचण्याची सोय, वापरून काम भागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या उपप्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या सगळ्या वागणुकीचे मूळ त्यातच आहे.

पायथॉनमध्ये एखादे मॉड्यूल, म्हणजे कोडची एक फाइल, पहिल्यांदा इम्पोर्ट होते, तेव्हा त्याची फाइल वाचली जाते, तिचा बाइटकोड (पायथॉनला चालवता येणारे रूप) बनतो, तो वरपासून खालपर्यंत एकदा चालवला जातो आणि तयार झालेले मॉड्यूल ‘सिस’मधील ‘मॉड्यूल्स’ या डिक्शनरीत ठेवले जाते. त्यानंतर त्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्याच चालू प्रतीत, ते मॉड्यूल कितीही वेळा इम्पोर्ट केले, तरी डिस्ककडे कोणी पाहत नाही. डिक्शनरीतले तयार मॉड्यूल हाती दिले जाते. पीएचपीमधून आलेल्या सहकाऱ्यांना हे सुरुवातीला फार खटकते, आणि ते स्वाभाविक आहे. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये प्रत्येक विनंतीला स्क्रिप्ट नव्याने चालते, आणि तयार बाइटकोड साठवणारे ओपीकॅश चालू असले तरी मूळ सेटिंगनुसार २ सेकंद उलटून गेले की ते फाइलची वेळ पुन्हा तपासते. पायथॉनच्या सर्व्हरमध्ये मात्र प्रोसेस जिवंत असेपर्यंत तिने पहिल्यांदा वाचलेला कोडच चालतो, आणि हे सर्व सर्व्हरांना सारखेच लागू आहे. ‘रनसर्व्हर’सुद्धा याला अपवाद नाही.

मग ‘इम्पोर्टलिब’मधील रीलोड काय करते? ते त्याच मॉड्यूलच्या जुन्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या संचात) नवी फाइल पुन्हा चालवते. ज्या दुसऱ्या फाइलींनी त्या मॉड्यूलमधून एखादे फंक्शन थेट नावाने इम्पोर्ट केले होते, त्यांच्याकडे जुनेच फंक्शन राहते. नव्या फाइलीतून तुम्ही एखादे नाव काढून टाकले असेल, तरी ते मेमरीत तसेच शिल्लक राहते. जुन्या क्लासपासून बनलेले ऑब्जेक्ट नव्या क्लासचे आहेत का, असे तपासले तर उत्तर ‘नाही’ असे येते, कारण नाव एकच असले तरी ते दोन वेगळे क्लास आहेत. जँगोमध्ये तर मॉडेलचा क्लास घडतानाच मध्यवर्ती नोंदवहीत त्याची नोंद होते. तेच मॉडेल पुन्हा घडवले, तर जँगो स्वतःच इशारा देते की हे मॉडेल आधीच नोंदलेले आहे आणि मॉडेल रीलोड करणे हिताचे नाही, विशेषतः त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या मॉडेलांच्या बाबतीत विसंगती येऊ शकते. नोटबुकमध्ये एकट्याने प्रयोग करताना ही सोय चालून जाते. वेब ॲप्लिकेशनमध्ये ती वापरू नका. तिच्यामुळे अर्धा जुना आणि अर्धा नवा असा कोड एकाच प्रोसेसमध्ये नांदू लागतो, आणि त्यातून निघणारी चूक शोधताना संपूर्ण दिवस जातो.

म्हणूनच पायथॉनच्या जगात ‘ऑटो-रीलोड’ या नावाखाली जे काही मिळते, ते प्रत्यक्षात ऑटो-रीस्टार्ट असते. जुनी प्रोसेस संपवायची आणि नवी सुरू करायची. एकदा हे मान्य केले की प्रत्येक सर्व्हरची वागणूक उलगडू लागते. कोड नेमक्या कोणत्या प्रोसेसने वाचला आहे, फाइल बदलल्याचे कोणाला कळते आणि कळल्यावर ती प्रोसेस कोण संपवतो, एवढे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते. तुमच्या तीन मशीनवर या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

‘रनसर्व्हर’ची रचना सर्वांत सोपी आहे. तुम्ही आज्ञा देता तेव्हा एक पालक प्रोसेस सुरू होते आणि ती ‘रन मेन’ नावाचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल लावून स्वतःचीच दुसरी प्रत चालवते. विनंत्यांना उत्तरे देण्याचे काम ही दुसरी प्रोसेस करते. तिच्यात एक पहारेकरी असतो, जो मेमरीत असलेल्या सर्व मॉड्यूलांच्या फाइलींची शेवटची बदल-वेळ दर सेकंदाला पाहतो. एखादी वेळ बदललेली दिसली की ही प्रोसेस ३ हा कोड देऊन बाहेर पडते, आणि ३ हा कोड दिसला की पालक प्रोसेस पुन्हा नवी प्रत सुरू करते. २०१९ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत जँगोने हा भाग नव्याने लिहिला आणि फेसबुकने बनवलेले वॉचमन हे साधन उपलब्ध असेल तर ते वापरण्याची सोय केली. या दुहेरी रचनेमुळेच ‘ॲप-कॉन्फिग’मधील ‘रेडी’ ही ॲप सुरू होताना चालणारी पद्धत दोनदा चालते. अनेक जण तिथे शेड्यूलर सुरू करतात आणि मग प्रत्येक काम दोनदा का होते, या कोड्यात अडकतात.

याच पहाऱ्याची दुसरी बाजू अशी की तो ठरावीक गोष्टींवरच असतो. सेटिंग ठेवण्याची ‘डॉट-एन्व्ह’ फाइल बदलली, तर ‘रनसर्व्हर’ला त्याचा पत्ता लागत नाही. नवी पायथॉन फाइल तयार केली आणि ती अजून कोणी इम्पोर्ट केली नसेल, तर तिचीही दखल घेतली जात नाही. टेम्पलेट (पानांचे एचटीएमएल साचे) आणि भाषांतराच्या फाइलींसाठी मात्र जँगोने वेगळी सोय केली आहे. टेम्पलेट बदलली तर रीस्टार्ट न होता फक्त टेम्पलेटची कॅश रिकामी केली जाते, आणि ‘एमओ’ फाइल बदलली तर भाषांतरे नव्याने वाचली जातात. मराठी भाषांतरावर काम करणाऱ्यांनी इथे लक्षात ठेवावे की पहारा ‘एमओ’ फाइलीवर आहे, तुम्ही हाताने संपादित करता त्या ‘पीओ’ फाइलीवर नाही. ‘कंपाइल-मेसेजेस’ चालवल्याशिवाय नवा मराठी मजकूर पानावर येणार नाही.

फ्लास्क या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कच्या खाली असलेल्या वेर्कझॉइग या लायब्ररीची पद्धत जवळपास हीच आहे, अगदी ३ या कोडसह. एक फरक मला फार उपयोगाचा वाटतो. वेर्कझॉइगमध्ये पोर्ट (विनंत्या येण्याचे दार) पालक प्रोसेसच्या हातात असतो आणि नव्या प्रोसेसला तो वारशाने मिळतो, त्यामुळे रीस्टार्टच्या क्षणी आलेली विनंती थोडी थांबते आणि मग पूर्ण होते. जँगोच्या ‘रनसर्व्हर’मध्ये पोर्ट मुलाच्या, म्हणजे पालकाने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोसेसच्या, हातात असतो. मूल संपले की पोर्टही बंद होतो आणि त्या क्षणी ब्राउझरला कनेक्शन नाकारले जाते. तुमचा फ्रंटएंड दर काही क्षणांनी सर्व्हरला विचारणा करत असेल, तर सेव्ह केल्यावर कन्सोलमध्ये दिसणारी लाल ओळ हीच असते. त्यात तुमच्या कोडची चूक नसते.

आता गुनिकॉर्न. इथे एक मास्टर प्रोसेस असते आणि तिच्या हाताखाली विनंत्यांना उत्तरे देणाऱ्या काही प्रोसेस, म्हणजे वर्कर असतात. मास्टर पोर्ट धरून ठेवते, वर्करांवर लक्ष ठेवते आणि एखादा वर्कर गेला की त्याच्या जागी नवा आणते. मूळ सेटिंगमध्ये मास्टर तुमचे ॲप्लिकेशन वाचतच नाही. प्रत्येक वर्कर जन्माला आल्यावर ते स्वतः वाचतो. रीलोडचा पर्याय मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, म्हणून तुमच्या सामाईक मशीनवर काहीच बदलत नाही. तो सर्व्हर बिघडलेला नाही. त्याला सांगितले आहे तसेच तो वागत आहे.

रीलोडचा पर्याय दिल्यावर प्रत्येक वर्करमध्ये स्वतंत्र पहारेकरी बसतो. फाइल बदलली की वर्कर स्वतःहून बाहेर पडतो, मास्टरला तो कमी झालेला दिसतो आणि ती नवा वर्कर आणते, जो नवा कोड वाचतो. पोर्ट मास्टरकडे असल्यामुळे विनंत्या नाकारल्या जात नाहीत. नव्या कोडमध्ये व्याकरणाची चूक असली तरी सर्व्हर कोसळत नाही. रीलोड चालू असताना गुनिकॉर्न ती चूक पकडून ठेवते आणि विनंती आली की ट्रेसबॅकसह (चूक कुठे झाली त्या तपशिलासह) ५०० क्रमांकाचे, म्हणजे सर्व्हरच्या चुकीचे, उत्तर देते. चूक दुरुस्त करून सेव्ह केले की गाडी पुन्हा रुळावर येते.

याच रचनेमुळे एक गोष्ट इथे कधीही जमणार नाही, ती म्हणजे रीलोड आणि प्रीलोड एकत्र वापरणे. प्रीलोडमध्ये मेमरी वाचवण्यासाठी मास्टरच ॲप्लिकेशन वाचते आणि मग वर्कर तिच्यापासून फोर्क होतात, म्हणजे तिच्या प्रती म्हणून जन्मतात. अशा वेळी वर्कर कितीही वेळा मेला आणि नवा जन्मला, तरी त्याला मास्टरच्या मेमरीतला जुना कोडच मिळतो. गुनिकॉर्नच्या दस्तऐवजातही हे दोन्ही पर्याय परस्परविरोधी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तरीही प्रॉडक्शनची सेटिंग फाइल जशीच्या तशी उचलून डेव्हलपमेंटच्या मशीनवर ठेवली जाते, तिच्यात प्रीलोड चालू असतो, आणि ‘रीलोड दिला तरी चालत नाही’ अशी तक्रार येते. तुमच्या सामाईक मशीनवर रीलोड देऊनही फरक पडला नाही, तर सर्वप्रथम हीच ओळ शोधा.

दुसरा खड्डा टेम्पलेटचा आहे आणि तो जँगो ४.१ पासून जास्त लोकांना लागू लागला आहे. त्या आवृत्तीपासून ‘डीबग’ चालू असतानाही टेम्पलेटची कॅश वापरली जाते. ‘रनसर्व्हर’मध्ये जँगोचा पहारेकरी ती वेळोवेळी रिकामी करतो, पण गुनिकॉर्नखाली तो पहारेकरीच नसतो, आणि गुनिकॉर्नचा पहारेकरी पायथॉनची मॉड्यूले पाहतो, एचटीएमएल फाइली पाहत नाही. परिणाम असा की व्ह्यूमधला (विनंतीला उत्तर देणाऱ्या पायथॉन कोडमधला) बदल दिसतो आणि टेम्पलेटमधला दिसत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रीलोडसाठी अतिरिक्त फाइली देण्याच्या पर्यायात टेम्पलेटची नावे द्यावीत. दुसरा म्हणजे डेव्हलपमेंटच्या सेटिंगमध्ये टेम्पलेटचे लोडर स्पष्टपणे नमूद करावेत आणि त्यात कॅशचा लोडर घेऊ नये. मी दुसरा पसंत करतो, कारण टेम्पलेटची यादी दर आठवड्याला वाढते आणि ती सेटिंगमध्ये वाढवायची आठवण कोणालाही राहत नाही. सीएसएस बदलूनही दिसत नसेल, तर तो रीलोडचा प्रश्न नव्हे. ‘रनसर्व्हर’ स्टॅटिक फाइली स्वतः पुरवतो, गुनिकॉर्न पुरवत नाही, आणि एनजिनएक्स ‘कलेक्ट-स्टॅटिक’ या आज्ञेने गोळा केलेली जुनी प्रत देत असतो.

गुनिकॉर्नवर डीबगर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो. साध्या सिंक वर्करची कालमर्यादा मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांची असते. तुम्ही ब्रेकपॉइंटवर थांबून व्हेरिएबल पाहत आहात, आणि मास्टरच्या दृष्टीने वर्कर ३० सेकंद निपचित आहे, म्हणून ती त्याला मारून टाकते. हे बाहेरून अगदी ‘आपोआप रीलोड झाले’ असेच दिसते. डेव्हलपमेंटमध्ये कालमर्यादा ० ठेवा, म्हणजे ही तपासणी बंद होते, आणि वर्कर एकच ठेवा.

अपाचेच्या मशीनवरचे ‘कधी नवे, कधी जुने’ हे लक्षण मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते, कारण त्यामुळे माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. मॉड-डब्ल्यूएसजीआय दोन प्रकारे चालते. एम्बेडेड प्रकारात तुमचा कोड अपाचेच्या स्वतःच्या चाइल्ड प्रोसेसांमध्येच वाचला जातो. अशा प्रोसेस अनेक असतात, त्या वेगवेगळ्या वेळी जन्मतात, आणि गर्दी वाढली की अपाचे आणखी निर्माण करते. सकाळी जन्मलेल्या प्रोसेसकडे सकाळचा कोड असतो आणि तुम्ही सेव्ह केल्यानंतर जन्मलेल्या प्रोसेसकडे नवा. विनंती कोणाच्या वाट्याला जाईल हे तुमच्या हातात नसते. तुम्ही ‘डब्ल्यूएसजीआय’ स्क्रिप्टच्या फाइलीला टच केले, म्हणजे तिची बदल-वेळ नवी केली, तरी या प्रकारात तेवढी एक फाइल त्याच प्रोसेसमध्ये पुन्हा वाचली जाते. तिने इम्पोर्ट केलेली मॉड्यूले जुनीच राहतात.

डीमन प्रकारात तुमचे ॲप्लिकेशन अपाचेपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते. इथे स्क्रिप्टच्या फाइलीला टच केले, की पुढची विनंती येताच ती संपूर्ण प्रोसेस बंद होऊन नवी सुरू होते आणि सगळी मॉड्यूले नव्याने वाचली जातात. म्हणून लिनक्सवर असाल तर डीमन प्रकार घ्या, आणि डेव्हलपमेंटसाठी त्यात एकच प्रोसेस ठेवा. विंडोजवर डीमन प्रकार मिळत नाही. तिथे अपाचे रीस्टार्ट करण्याला पर्याय नाही, आणि खरे सांगायचे तर तिथे डेव्हलपमेंटसाठी अपाचे वापरण्याचेच कारण उरत नाही. मॉड-डब्ल्यूएसजीआयचे कर्ते ग्रॅहम डम्पलटन यांनी ‘मॉड-डब्ल्यूएसजीआय-एक्स्प्रेस’ नावाची सोपी आज्ञाही उपलब्ध करून दिली आहे, आणि तिला बदल होताच रीलोड करण्याचा पर्याय देता येतो. अपाचेच हवे असेल तर जुनी कॉन्फिगरेशन फाइल सांभाळत बसण्यापेक्षा हा मार्ग सुखाचा आहे.

यूडब्ल्यूएसजीआय हा सर्व्हर कुठे वापरात असेल तर इतकेच पुरे: त्यात मूळ सेटिंगमध्येच, प्रीलोडसारखे, ॲप्लिकेशन आधी एकदा वाचले जाते आणि मग वर्कर फोर्क होतात. ‘पाय-ऑटोरीलोड’ला सेकंदांचा आकडा दिला की तितक्या सेकंदांनी मॉड्यूले तपासली जातात, आणि ‘टच-रीलोड’ला एखादी फाइल दिली की तिला टच केल्यावर सर्व्हर रीलोड होतो. हा प्रकल्प आता केवळ देखभालीच्या अवस्थेत आहे, त्यामुळे नव्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

तुम्ही पुढे असिंक्रोनस मार्गाने जाणार असाल तर युव्हिकॉर्न या त्या पद्धतीच्या सर्व्हरशी गाठ पडेल. त्यात रीलोड दिला की पालक प्रोसेस पोर्ट धरून पहारा करते आणि मूल ॲप्लिकेशन चालवते. पहाऱ्याच्या या रचनेत अनेक वर्करांना जागा नाही, म्हणून रीलोड आणि वर्करांची संख्या हे दोन पर्याय एकत्र चालत नाहीत. ‘वॉचफाइल्स’ हे पॅकेज बसवलेले असेल, तर कोणत्या नमुन्याच्या फाइली पाहायच्या आणि कोणत्या वगळायच्या हे सांगता येते. ते नसेल, तर युव्हिकॉर्न चालू फोल्डरमधील सर्व पायथॉन फाइली एकेक करून तपासते, आणि त्यात प्रोजेक्टच्या आत असलेले व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटही येते. हजारो फाइलींची ही तपासणी लॅपटॉपचा पंखा फिरवत ठेवते. पहाऱ्यासाठी स्वतःच्या कोडचा फोल्डर स्पष्टपणे द्या. आणखी एक अडचण म्हणजे वेबसॉकेट किंवा सतत उघडी राहणारी कनेक्शने. जुनी प्रोसेस सभ्यपणे बंद होताना ती कनेक्शने मिटण्याची वाट पाहते, ब्राउझरचा टॅब ती मिटवत नाही, आणि रीलोड अर्ध्यावर अडकतो. सभ्यपणे बंद होण्याला दोन-तीन सेकंदांची मर्यादा घातली की हे सुटते.

आतापर्यंत मी असे धरून चाललो, की फाइल बदलली हे पहारेकऱ्याला कळतेच. डॉकर (ॲप्लिकेशन कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन), व्हर्च्युअल मशीन किंवा नेटवर्कवरील फोल्डर आले की हे गृहीतकच ढासळते, आणि माझ्या अनुभवात ‘रीलोड चालत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथल्या असतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत, ‘इनोटिफाय’ ही सोय आली. फाइल बदलली की कर्नल स्वतःच कळवतो, त्यामुळे दर सेकंदाला विचारत बसावे लागत नाही. पण कर्नलला तेच बदल कळतात जे त्याच्या स्वतःच्या हातून होतात. एनएफएस या नेटवर्कवरील फोल्डरमधली फाइल दुसऱ्या मशीनवरून बदलली, व्हर्च्युअलबॉक्सच्या सामाईक फोल्डरमधली फाइल यजमान मशीनवरून बदलली, किंवा विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल-२ मध्ये असताना विंडोजच्या सी ड्राइव्हवरची फाइल विंडोजच्या एडिटरमधून बदलली, तर आतल्या लिनक्सला सूचना जात नाही. फाइल उघडून पाहिली तर मजकूर नवा असतो, पण घंटा वाजलेली नसते. अशा ठिकाणी सूचनांवर अवलंबून न राहता वेळ तपासणारा, म्हणजे पोलिंग करणारा पहारेकरी निवडावा. ‘वॉचफाइल्स’मध्ये त्यासाठी वेगळे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आहे, गुनिकॉर्नमध्ये रीलोडचे इंजिन ‘पोल’ असे निवडता येते, आणि जँगोचा साधा पहारेकरी मुळातच पोलिंग करतो. डब्ल्यूएसएल-२ मध्ये त्याहून चांगला उपाय म्हणजे प्रोजेक्टच लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवणे.

डॉकरमधला एक प्रसंग सांगतो. एका टीमबरोबर काम करताना सेटिंगच्या एका पायथॉन फाइलीतला बदल कंटेनरमध्ये काही केल्या पोहोचत नव्हता, आणि बाकी सर्व फाइलींचे बदल व्यवस्थित पोहोचत होते. आम्ही पहारेकरी बदलले, पोलिंग केले, इमेज (कंटेनरचे साचे) पुन्हा बांधल्या. शेवटी लक्षात आले की ती एकच फाइल स्वतंत्रपणे माउंट केलेली, म्हणजे कंटेनरला जोडलेली होती, आणि बाकी सर्व फाइली त्यांच्या फोल्डरसकट. अनेक एडिटर सेव्ह करताना मूळ फाइलीत लिहीत नाहीत. ते नवी फाइल तयार करतात आणि तिला जुने नाव देतात. नाव तेच राहते, पण आयनोड, म्हणजे डिस्कवरील फाइलीची खरी ओळख, बदलतो. फोल्डर माउंट केला असेल तर नव्या नावाने नवी फाइल दिसते. एकच फाइल माउंट केली असेल तर कंटेनर जुन्या आयनोडला चिकटून राहतो, म्हणजे तो जुनीच फाइल वाचत राहतो. तेव्हापासून मी फोल्डरच माउंट करतो. डॉकर कंपोजच्या २.२२ आवृत्तीपासून ‘वॉच’ ही सोयही सर्वसाधारण वापरासाठी आली आहे. तिच्यात कोडचा फोल्डर बदलला तर फाइली कंटेनरमध्ये पाठवायच्या आणि ‘रिक्वायरमेंट्स’ची (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीची) फाइल बदलली तर इमेज नव्याने बांधायची, असे वेगवेगळे नियम देता येतात. नवे पॅकेज जोडल्यावर नुसता रीस्टार्ट पुरत नाही, ही गोष्ट त्यामुळे कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून उरत नाही.

क्वचित असेही होते की प्रोसेस नवी आहे, फाइल नवी आहे, तरीही कोड जुना चालतो. अशा वेळी ‘पायसी’ फाइलींकडे पाहा. पायथॉन साठवलेला बाइटकोड वापरायचा की नाही हे मूळ फाइलीची बदल-वेळ आणि तिचा आकार यांवरून ठरवते, आणि ही वेळ सेकंदांपर्यंतच नोंदलेली असते. एखाद्या स्क्रिप्टने एकाच सेकंदात फाइल दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा आकार सारखाच राहिला, तर पायथॉनला फरक कळत नाही. हाताने टाइप करताना हे घडणे कठीण आहे, पण कोड तयार करणारी साधने वापरताना मी ते पाहिले आहे. डेव्हलपमेंटच्या कंटेनरमध्ये बाइटकोड लिहिणेच बंद ठेवले तर ही शक्यता राहत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न: तिन्ही ठिकाणी सारखी वागणूक. प्रत्येक सर्व्हरच्या रीलोडला एकसारखे करत बसू नका. पहारा सर्व्हरच्या बाहेर काढा. ‘वॉचफाइल्स’ पॅकेजची स्वतःची आज्ञा आहे, ‘वॉचडॉग’सोबत ‘वॉचमेडो’ येते, आणि पायलन्स प्रकल्पाचे ‘हपर’ आहे. या साधनांना चालवायची आज्ञा आणि पाहायचा फोल्डर द्यायचा. बदल झाला की ते ती आज्ञा थांबवून पुन्हा सुरू करतात. आत गुनिकॉर्न आहे, की ज्यात रीलोडची सोयच नाही असा वेट्रेस हा सर्व्हर आहे, याने त्यांना फरक पडत नाही. याची किंमत अशी की संपूर्ण सर्व्हर बंद होतो, म्हणून क्षणभर पोर्टही बंद राहतो. मला ही किंमत मान्य आहे, कारण मास्टरसकट सगळे नवे झाल्यामुळे प्रीलोडचा प्रश्नही मिटतो. फक्त पहाऱ्याच्या फोल्डरमध्ये लॉग, अपलोड किंवा एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल असू देऊ नका. नाहीतर ॲप्लिकेशन लिहिणार, पहारेकरी रीस्टार्ट करणार, ॲप्लिकेशन सुरू होताना पुन्हा लिहिणार, आणि हे चक्र थांबणार नाही.

पार्श्वभूमीतली कामे करणाऱ्या सेलरीच्या वर्करांनाही हाच उपाय लावा. त्यांच्यात पूर्वी ऑटो-रीलोडचा पर्याय होता, तो ४.० आवृत्तीत काढून टाकला गेला. वेबचा भाग नवा आणि पार्श्वभूमीतले काम जुने, अशा स्थितीत एखाद्या टास्कचे आर्ग्युमेंट बदलले की चुका दुसऱ्याच ठिकाणी दिसतात आणि माणूस व्ह्यूमध्ये दोष शोधत बसतो.

रीस्टार्टला दहा सेकंद लागत असतील तर पहारेकरी कोणताही असो, काम कंटाळवाणेच होणार. पायथॉन ३.७ पासून ‘इम्पोर्टटाइम’ हा पर्याय आहे. तो देऊन ॲप्लिकेशन एकदा सुरू करा आणि कोणते मॉड्यूल किती वेळ खाते ते पाहा. बहुतेक वेळा पांडाजसारखे एखादे जड पॅकेज एकाच अहवालासाठी वापरलेले असते आणि ते फाइलीच्या माथ्यावर इम्पोर्ट केलेले असते. ते त्या फंक्शनच्या आत हलवले की प्रत्येक सेव्हमागचा वेळ कमी होतो. रीस्टार्टमुळे मेमरीत साठवलेली माहिती पुसली जाते, याबद्दलही तक्रार होते. तिच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. जी माहिती एका रीस्टार्टमध्ये नाहीशी होते, ती चार वर्कर असलेल्या प्रॉडक्शनमध्ये प्रत्येक वर्करकडे वेगळी असणार आहे, आणि हे तुम्हाला डेव्हलपमेंटमध्येच कळले हे बरेच झाले.

यातले काहीही प्रॉडक्शनमध्ये लावू नका. तिथे कोड बदलण्याचा क्षण तुम्ही ठरवायचा असतो. अर्धवट कॉपी झालेल्या फाइलींवर पहारेकऱ्याने तो ठरवू नये. प्रीलोड नसेल तर गुनिकॉर्नच्या मास्टरला ‘हप’ सिग्नल द्या: ती नवे वर्कर आणते आणि जुन्यांना हातातले काम संपवून जाऊ देते. फ्लास्कचा डीबग प्रकार तर बाहेरून पोहोचता येईल अशा मशीनवर कधीही चालू ठेवू नका, कारण त्यासोबत येणारा डीबगर ब्राउझरमधून पायथॉन कोड चालवू देतो. तुमचे सामाईक मशीन ऑफिसच्या नेटवर्कवर असले तरी हाच नियम पाळा.

बदल करण्याआधी प्रत्येक मशीनवर एक तपासणी करून घ्या. एक छोटा तात्पुरता व्ह्यू लिहा, जो प्रोसेसचा क्रमांक आणि ते मॉड्यूल मेमरीत आल्याची वेळ एवढेच दाखवेल. ही वेळ फंक्शनच्या बाहेर, फाइलीच्या वरच्या पातळीवर नोंदवा. मग फाइल सेव्ह करा आणि तो पत्ता दहा वेळा उघडा. क्रमांक आणि वेळ दोन्ही जुने राहिले, तर पहारेकरी नाही किंवा त्याला सूचना पोहोचत नाही. क्रमांक नवा पण वेळ जुनी असेल, तर कोड मास्टरने वाचलेला आहे, म्हणजे प्रीलोड चालू आहे. अनेक क्रमांक आणि मॉड्यूल मेमरीत आल्याच्या वेगवेगळ्या वेळा आलटून पालटून दिसल्या, तर ते अपाचेच्या एम्बेडेड प्रकाराचे लक्षण आहे. दोन्ही नवे असूनही पान जुनेच दिसत असेल, तर पायथॉन सोडा आणि टेम्पलेटची कॅश, एनजिनएक्स व ब्राउझर या क्रमाने पुढे पाहत जा.